कोरी प्लेट

तिसऱ्यांदा कोऱ्या प्लेटमध्ये बुरशी आली होती.

पूर्वीनं झाकण न उघडता प्लेट उजेडात धरली. कडेला कापसासारखे तीन पांढरे ठिपके. या प्लेटमध्ये नुसतं जिवाणूंचं खाद्य ओतलेलं होतं, पवना नदीच्या पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता. ही कोरी राहिली, तरच बाकीच्या वीस प्लेटांमधले जिवाणू नदीतले म्हणता येणार होते. स्पर्धेचा अहवाल द्यायला आठवडा उरला होता.

"आपण बुरशीवरच अहवाल देऊ या," तिचा प्रयोगातला जोडीदार मिहिर स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाला. "ती तरी वेळेवर येते."

पूर्वीला हसूही आलं नाही. आकुर्डीच्या या कॉलेजात प्रयोगशाळेचे सगळे नियम तिनेच भिंतीवर लावले होते. केस बांधलेले. मोबाइल बाहेर. हातमोज्यांवर स्पिरिट. कुणी चुकलं नव्हतं. मग चूक कुठून येत होती?

तेवढ्यात सुभद्राबाई झाडू घेऊन दारात आल्या. रोज या वेळी त्या प्रयोगशाळा झाडायच्या. गुडघे दुखायचे म्हणून वाकताना टेबलाची कड धरायच्या.

"धूळ," मिहिर हळूच म्हणाला. "दुसरं काय असणार?"

सुभद्राबाईंनी गाळलेल्या हवेच्या काचपेटीकडे पाहिलं. सगळ्या प्लेटा त्या पेटीतच ओतल्या जात.

"ताई, त्या पेटीचं एक सांगू का?"

"पेटीजवळ जायचं नाही, बाई. किती वेळा सांगितलंय?"

"जात नाही ओ मी. पण..."

"मग झालं तर."

संध्याकाळी पूर्वीनं प्रभाकर सरांना सांगितलं. सरही दमलेले होते. त्यांनी फार विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सुभद्राबाईंची ड्यूटी खालच्या स्वच्छतागृहांवर लागली. प्रयोगशाळा आता कुणी झाडायची नाही, असंही ठरलं.

पूर्वीनं परत खाद्य उकळलं. परत पेटी पुसली. पेटीच्या कपाळावर खंडेनवमीचा हार होता, त्याच्याखालून हात आत घालून एकेक प्लेट ओतली. पाठ भरून आली. भोसरीत बाबांच्या वर्कशॉपमध्ये लेथसमोर बारा तास उभं राहणं याहून सोपं असेल, असं तिला वाटून गेलं.

शुक्रवारी तिनं इन्क्युबेटर उघडला. कोरी प्लेट वर धरली.

चार ठिपके.

ती मटकन स्टुलावर बसली. खोलीत चार दिवसांत झाडू फिरला नव्हता. तरी हे आलं होतं, उलट एक ठिपका जास्तच. पूर्वीनं मान खाली घातली, आणि तिला फरशी दिसली.

पेटीच्या बरोबर खाली पिवळसर चुरा पडला होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. तिनं चिमटीत धरून पाहिला. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

तिनं मान वर केली.

तो हार तिनेच बांधला होता. घरी लेथला बांधतात तसा, कुंकू लावून. बाबांच्या वर्कशॉपमध्ये मशीनचा हार कुणी उतरवत नाही. गळेल तेव्हा गळतो. इथेही कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिनं हातमोजा घालून पेटीत हात घातला. मनगट हाराला घासलं. दोन पाकळ्या आत पडल्या, एक बाहेर.

"अरे देवा," मिहिर म्हणाला.

पूर्वी जिना उतरली. सुभद्राबाई स्वच्छतागृहाच्या ओल्या पायरीवर बसून गुडघा चोळत होत्या. पूर्वीनं मूठ उघडली.

सुभद्राबाईंनी पाकळ्यांकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"हेच सांगत होते, ताई. रोज एवढा चुरा पडायचा तिथं. मी झाडून नेत होते, म्हणून तुम्हाला कधी दिसला नाही."