नाणं मळलंय

"'पृष्ठभाग अस्पष्ट' म्हणजे काय गं?" आईने चष्मा कपाळावर चढवला आणि फोन हातभर लांब धरला.

"म्हणजे नाणं मळकट आहे, नीट दिसत नाही."

"मग तसं सरळ लिही की. माणसांसाठी लिहितेस का वकिलांसाठी?"

लेकीने लॅपटॉपवर शब्द बदलले. 'नाणं मळलंय. पावडर लावून घासा आणि पुन्हा फोटो काढा.' खाली मोठं हिरवं बटण. जुनी नाणी ओळखणाऱ्या ॲपमध्ये कुठलं बटण कुठे बसवायचं आणि कुठला शब्द कसा लिहायचा, हे ठरवणं हीच तिची नोकरी होती. आईला कळलं की सगळ्या जगाला कळतं, हा तिचा त्या कामातला साधा नियम.

आईने पुन्हा वाचलं. "घासायचं?"

"हो."

आईने भुवया उंचावल्या. पर्समधलं एक रोजचं नाणं तिने बेसिनपाशी नेऊन घासलं आणि फोटो काढला. पुन्हा तेच वाक्य आलं. चार वेळा घासून झाल्यावर पाचव्यांदा 'शाब्बास! ओळखलं!' असं उमटलं, तेव्हा आई पहिला नंबर आल्यासारखी खूश झाली.

खरं तर ॲपने काहीच ओळखलं नव्हतं. ती नुसती कच्ची प्रत होती, एकामागून एक चित्रं दाखवणारी. फोटो कसलाही काढा, चार वेळा घासायला लावून पाचव्यांदा ती शाब्बासकी देणार. बाजारात जाणाऱ्या ॲपमध्ये घासायला सांगणारं हे वाक्य असणारच नव्हतं. ते तिने एकाच माणसासाठी लिहिलं होतं, धाकट्या काकासाठी.

बारा वर्षांपूर्वी घराच्या वाटण्या झाल्या. ती तेव्हा शाळेत होती. काकाने मोठ्या खोल्या घेतल्या, वर बाबांचं चांदीचं नाणं मागितलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि नाणी जमवायचे. त्यांच्याकडे खरोखर दुर्मिळ असं ते एकच होतं. काकाला नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भावाचा जीव कशात अडकलाय ते बरोबर कळत होतं. बाबांनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी हूं की चूं न करता डबी त्याच्या हातात ठेवली. पुढे त्यांनी नाण्यांचा विषयच काढला नाही. वर्षभरात ते गेले.

काकाने नाणं काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगलं. ते आल्यागेल्याला दाखवताना त्याला कोण आनंद व्हायचा! त्या घरी चहाचा घोटही तिच्या घशाखाली उतरत नसे. बाबांना या माणसाने झुरवून मारलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

बाबांनी तिला नाण्यांबद्दल एकच गोष्ट शिकवली होती. जुनं नाणं घासायचं नाही. वरचा काळपटपणा हे त्याचं वय. तो खरवडला की नाणं मेलं, मग जाणकार त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

रविवारी सकाळी ती काकाकडे गेली.

"काका, नवीन ॲप आहे. तुमच्यासारख्या जाणकाराने तपासून द्यावं म्हटलं."

जाणकार म्हटल्याबरोबर काका हरभऱ्याच्या झाडावर चढला. "किंमत सांगतं का?"

"अगदी सालासकट. फक्त ते सांगेल तसं करत जा."

"तेवढं कळतं मला, चिमणे." त्याने चौकट भिंतीवरून उतरवली.

चाचणी चालू असताना आपण मध्ये बोलायचं नसतं, हा तिच्या धंद्याचा दंडक. आज तिने तो मनापासून पाळला. काका घासत होता, फोटो काढत होता, पुन्हा घासत होता. तिसऱ्या खेपेला त्याने दात घासायचा ब्रश आणला. तिला आतून उकळ्या फुटत होत्या.

"कडेला लालसर दिसतंय का गं?"

"उजेडाने वाटत असेल."

पाचव्यांदा शाब्बासकी आली. पाठोपाठ तिने आधीच लिहून ठेवलेली भलीमोठी किंमत. काकाने लखलखतं नाणं छातीशी धरलं. घे म्हणावं, आता दाखव कुणाला दाखवायचं ते! घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"काकाकडे गेले होते," दारातच ती म्हणाली. "बाबांच्या नाण्याचा वचपा काढून आले."

आईने तिच्याकडे पाहिलं आणि एकदम खुदकन हसली. मग हसू आवरेचना.

"हसतेस काय?"

"अगं वेडे, त्याच्याकडचं खोटं आहे! तांब्यावर चांदीचं पाणी दिलेली नक्कल. ह्यांच्याकडे पहिल्यापासून होती, तीच डबीत घालून दिली. बारा वर्षं तो मिरवतोय!" आईने डोळे पुसले. "तू पोर होतीस, कुठेतरी बोलून गेली असतीस. म्हणून ह्यांनी मला शपथ घातली होती."

बाबा हरले नव्हतेच. "मग खरं कुठंय?"

"हात पुढे कर." आईने कपाटातून रुमालाची पुरचुंडी आणून तिच्या तळहातावर उलगडली. "आता तूच नाण्यांचं काम करतेस. म्हटलं, तुझ्या ॲपला पहिलं नाणं ह्यांचंच दाखवावं. तू तिकडे गेलीस आणि मी हे काढून बसले. घासायचं नाही असं ह्यांनी मलाही बजावलं होतं, पण म्हटलं, तू लिहिलंयस म्हणजे विचार करूनच लिहिलं असशील."