ठक ठक

“हे तू स्वतः लिहितेस, की कोणाकडून लिहून घेतेस?”

चारुतानं दीक्षाला प्रश्न पाठवला आणि फोन उशीवर पालथा घातला. प्रश्न तिचा नव्हता. शनिवारची शाळा सुटल्यावर खेळातल्याच आकांक्षा आणि गीतांजलीनं तिला सायकल स्टँडवर अडवलं होतं. “हिंमत असंन तर विचार तिले. सगळ्यांसमोर.” हिंमत तर यंदा चारुताकडे पोत्यानं होती.

‘शकुंतला’ हा खेळ फक्त लिहून चालायचा. चित्र नाही, आवाज नाही. अकोला-अमरावतीची वीस-बावीस पोरं फोनवर वाक्यं लिहीत आणि त्या वाक्यांवर एक अंतराळयान पुढे सरकत राही. नाव मूर्तिजापूरच्या जुन्या छोट्या रेल्वेगाडीचं. वेग तेवढाच आहे, असं कॅप्टन जयवंता म्हणायची. नवं माणूस आलं की त्यानं यानाच्या दाराबाहेर थांबायचं. ज्याची पाळी त्यानं दार उघडायचं, हातात दह्यात भिजलेला गिला वडा ठेवायचा, खोली दाखवायची. दुसऱ्या कोणी उघडायचं नाही. संध्याकाळी सहापर्यंत दार उघडलं नाही तर बाहेरच्याचा ऑक्सिजन संपला. मग पुढची भरती थेट दिवाळीनंतर.

आज पाळी चारुताची होती. बाहेर तेल्हाऱ्याची दीक्षा होती, दुपारी दोनपासून. तिचा भरतीचा अर्ज वाचूनच तो प्रश्न निघाला होता. दर थोड्या वेळानं ती चारुताचं नाव घालून दोन निरोप पाठवायची. एक ‘ठक’. लगेच दुसरा ‘ठक’.

उत्तर आलं.

“लिहून घ्याले इथं कोण हाये जी? मी हावो आन ही बकरी हाये. बकरी म्हणते, हवा कमी हाये, प्रश्न कमी विचारा.”

खाली पसंतीचे लाल बदाम पडायला लागले. नऊ. तेरा. एकोणीस. चारुताच्या सगळ्यात गाजलेल्या पानाला, ज्यात तिनं अख्खा इंजिनकक्ष पेटवून दिला होता, चौदा पडले होते. त्या पानाचा कच्चा मजकूर भौतिकशास्त्राच्या वहीत तीन दिवस चालला होता.

बकरी तर दीक्षाच्या अर्जात नव्हतीच. ती तिनं आत्ता, उभ्या उभ्या काढली होती.

“बकरीसाठी पाला काढून ठेवा रे,” जयवंतानं लिहिलं. कोणी बकरीला हेल्मेट शिवायला घेतलं. कोणी तिचं नाव ठेवलं. दाराच्या आतली सगळी मंडळी काचेला नाक लावून बाहेर बघत होती, आणि चारुतानं एकाएकी ओळखलं की काच तिनंच पुसून दिली आहे. दोन वाजता दार उघडलं असतं तर दीक्षा आत्तापर्यंत कुठल्यातरी खोलीत आपलं सामान लावत असती.

जयवंताचा वेगळा निरोप आला. “चारू, उघड ना बाप्पा. कावून थांबवून ठेवलं तिले?”

“नेट नाही,” चारुतानं लिहिलं. नेटवरूनच.

मग ती उठली आणि बाहेरच्या खोलीत गेली. आई-बाबा वाटाणे सोलत बसले होते.

“मी तो खेळ सोडते,” ती म्हणाली. “दहावी होईपर्यंत. हा घ्या फोन.”

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. “कोणी काही बोललं का तुला?”

“नाही.”

आईनं तिचा विचार बदलायच्या आत फोन घेतला, लोखंडी कपाटात साड्यांवरच्या फळीवर ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सहा महिने ती हेच तर सांगत होती. बाबांनी अकोल्याला मोठ्या भावाला फोन लावला. “स्वतःहून, दादा. आम्ही एक शब्द नाही बोललो.”

चारुता वाटाणे सोलायला बसली. तिला फार हलकं वाटायला हवं होतं.

कपाटातून घर्र झालं; तिचं नाव घातलेल्या निरोपालाच फोन असा थरथरायचा. पुन्हा घर्र. लोखंडी फळीवर ते चांगलंच मोठं वाजलं.

“वाजू दे,” आई म्हणाली.

भिंतीवर पाच बावन्न झाले होते. चारुतानं चार शेंगा सोलल्या, दाणे टरफलात आणि टरफलं पातेल्यात टाकली. पुन्हा घर्र, घर्र. बाबा काकांना सांगत होते, “तुमच्या नितेशलाही सांगा, म्हणावं ताईकडे बघ जरा.”

पाच छप्पनला एकदाच घर्र झालं.

चारुता थांबली. दुसरं येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

एकदाच का? दम संपला म्हणून हात खाली पडला? की एक ठक तिचा आणि एक बकरीचा होता, आणि आता दोघींतली एकच उरली? कोणती? तिनं डोक्यात एक वाक्य लिहून पाहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं. दोन्ही बरी होती. पण दीक्षाचं त्यांच्यासारखं नसणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. याचा तिला इतका राग आला की मुठीतली शेंग चुरगळून गेली. आणि ते वाक्य वाचायचंच होतं तिला. आत्ता.

ती उठून आईपुढे उभी राहिली. हात पुढे केला.

“किल्ली दे.”

“अगं, अर्धा तास नाही झाला तुझ्या निश्चयाला.”

“तो मोडला. बाबा, काकांनाही सांगा, मी काही सोडत नाही.” घड्याळात सत्तावन्न झाले होते. “आधी तिला आत घेते. गिला वडा देते. बकरीलाही देते. आणि मग बघते तिच्याकडे.”