पोटातला रुपया

"डॉक्टर, चिमट्याला आधी कापूस गुंडाळा. रुपयावर ओरखडा पडला तर सगळं संपलं!" टेबलावर आडवे झालेले हेबळेकाका कळवळून म्हणाले. भिंग पुसताना नाण्याला बोटांचा घाम लागू नये, म्हणून त्यांनी संस्थानकाळातला दुर्मीळ चांदीचा रुपया ओठांत धरला होता. उचकी लागली आणि रुपया पोटात गेला.

"आणि तुमच्या घशाला ओरखडा पडला तर?" काकूंनी विचारलं.

"घसा काय, सगळ्यांकडेच असतो."

रुपया निघाला, घसाही वाचला. पण नाण्यावर शंभर वर्षांत चढलेली सुंदर काळसर झाक पोटातल्या आम्लाने पार धुऊन टाकली होती. रुपया नव्या वाटीसारखा लखलखत होता. संग्राहकाच्या लेखी तो मेला. काका उशीत तोंड खुपसून रडले.

संध्याकाळी त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी मंगसुळे सांत्वनाला आले. रुपया पाहून तेही हळहळले. मग खाटेवरचा एक्स-रे उचलून त्यांनी खिडकीशी धरला आणि बघतच राहिले.

"हेबळे, असे रुपये शोधले तर आणखी दोन-तीन मिळतील. पण पोटातल्या रुपयाचा फोटो जगात दुसरा नसेल. मला देता?"

काका ताडकन उठले आणि त्यांनी एक्स-रे हिसकावून छातीशी धरला.

"मुळीच नाही! ते पोट माझ्या संग्रहातलं आहे."