तीन आणि चार

लतिकाने फाइल उघडली आणि आधी दाराकडे बघितलं.

काचेपलीकडे बाकावर तिचा धाकटा भाऊ विनीत बसला होता, दंडावर कापूस दाबून. मघाशी त्याने विचारलं होतं, "ताई, पास होईन ना गं?" ती "हो रे" म्हणाली होती.

जहाजावरच्या किचनमधली नोकरी. रक्तात साखर वर दिसली की नापास, पुढे दाद ना फिर्याद. परळच्या या लॅबमधून रिपोर्ट थेट जहाज कंपनीच्या कॉम्प्युटरवर जायचा. एकदा गेला की ब्रह्मदेवालाही परत बोलावता यायचा नाही. आणि साखर वर होतीच. काल चाळीत शेजाऱ्यांच्या मशीनवर बघितली, तेव्हा आई ओट्यापाशीच मटकन खाली बसली होती.

भिंतीवरचा डिव्हाइस सर्व्हर लतिका सांभाळायची. असेल फरसाणाच्या खोक्याएवढा, पण अख्खी लॅब त्याच्या जिवावर. तपासणीची मशीनं नुसते आकडे ओकतात. ते कुणाचे, हे हा डबा ठरवतो. पोर्ट तीनमधून, म्हणजे मागच्या तिसऱ्या वायरीच्या खाचेतून, आले ते पेशंटचे. पोर्ट चारवर शेजारचं मशीन, त्यात आज फक्त चाचणीचा तयार नमुना फिरत होता. त्याची साखर कायम नॉर्मल.

दोन ओळींचा खेळ. कुठल्या पोर्टचे आकडे कुणाचे हे सांगणाऱ्या ओळींत तीनच्या जागी चार, चारच्या जागी तीन, की नमुन्याची साखर विनीतच्या नावावर. फाइल डब्यात पाठवायची, डबा बंद करून चालू करायचा. काम झालं की सगळं पुन्हा सरळ.

"काय गं लते, एसीत घाम?"

तिने दचकून मागे बघितलं. रमाकांतकाका. या लॅबचे जुने टेक्निशियन, आणि बीडीडी चाळीत भिंतीला भिंत लागून घर. माणूस इतका सरळ, की गणपतीत स्वतःच्या घरच्यांना प्रसादाच्या रांगेत शेवटी उभं करायचा.

"काही नाही काका. फाइल टाकतेय. डबा जरा बंद होईल."

"होऊ दे की. मी आहे इथंच."

आणि ते खरंच हलेनात. हातात फडकं, डब्याभोवती घुटमळणं, मधूनच तिच्या स्क्रीनकडे एक नजर. लतिकाने मान वर काढलीच नाही. फाइल सरकत होती, गोगलगायीसारखी.

डब्यावरचे दिवे गेले. तेवढ्यात डॉक्टर मेघना दारात.

"लतिका, काय झालं? जहाजवाले माझं डोकं खातायत."

"अपडेट, मॅडम. दोन मिनिटं."

"आज? पेशंट आत असताना?"

लतिकाने स्क्रीन किंचित आपल्याकडे वळवली.

"मी बघतो मॅडम," रमाकांतकाका म्हणाले. "माझी नजर आहे."

डॉक्टर गेल्या. ती नजर लतिकाला मानेवर जाणवत राहिली, पालीसारखी.

दिवे हिरवे झाले. मशीनं गुरगुरली. आकडे तिच्या स्क्रीनवर दिसत नसत, फक्त एक ओळ उमटली. विनीत: रिपोर्ट पाठवला.

काकांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं.

संपलं, तिला वाटलं. नोकरी गेली. पोलीस येणार. बाकावरचा विनीत हे सगळं बघणार.

"काका, पाया पडते, मी फक्त..."

"गप. आधी माझं ऐक." काकांनी आवाज खाली आणला. "तुझी आई, रखमावहिनी, काल आमच्या दारात रडल्या. आजवर कुणाला फसवलं नाही गं मी. पण ते पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढलंय."

त्यांनी फडक्याने कपाळ पुसलं, आणि पहिल्यांदाच हसले.

"आता भिऊ नकोस. तू मान खाली घालून बसली होतीस ना, तेव्हाच मी डब्यामागच्या तीन आणि चारच्या वायरी आपसांत बदलून टाकल्या."