टेबलावरचं गाव

गाडी वळणावर पुन्हा घसरली आणि इंजिन टेबलाखाली जाऊन पडलं. नितेशने कपाळाला हात लावला. जानरावांनी इंजिन उचललं, शर्टाच्या टोकाने चाकं पुसली आणि वळणावरच्या रुळाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला. पुढच्या खेपेला गाडी सुरळीत गेली.

अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या शेडमध्ये शूटिंग चाललं होतं. रुळांवर बेपर्वाईने जीव गमावणाऱ्यांवर नितेश टीव्हीसाठी मालिका करत होता. खऱ्या रुळांवर कॅमेरा लावायची परवानगी मिळेना आणि दर भागात एक अपघात तर हवाच. मग खेळण्यातली आगगाडी आली. कॅमेरा पार खाली, रुळाला टेकवून लावला की ती खरीच वाटते, असं नितेशचं म्हणणं. गाव, शेतं, झाडं करायला त्याने अमरावतीहून जानरावांना बोलावलं. गणपती-नवरात्रातले हलते देखावे करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

आजच्या भागात मरणारी बाई म्हणजे जानरावांची लेक रागिणी. नितेशला हे माहीत नव्हतं. तिचं आडनाव सासरचं होतं, आणि जानरावांनीही तोंड उघडलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, हे काम घेऊ नका म्हणून हात जोडले होते.

"कोनी तं करनारच हाये," ते म्हणाले होते. "मंग माह्याच हातानं होऊ दे. नीट तरी होईन."

खरं म्हणजे त्यांना लेकीचा रागही होता. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. शेतातून घरी येत होती, मोबाइल कानाला लावून रूळ ओलांडत होती, गाडी ऐकूच आली नाही, असं सासरच्यांनी सांगितलं. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. जानरावांनीही तेच मानलं. भेटायला येणाऱ्यांना ते आपणहून सांगत, पोरगी पहिल्यापासूनच धांदरट. एवढी शिकवली-सवरली आणि मेली ती अशी. राग आला की रडू मागे हटायचं, म्हणून त्यांनी तो राग काही सोडला नाही.

देखावा घरी सुटा सुटा करायचा आणि जागेवर नेऊन जोडायचा, ही त्यांची पद्धत. नितेशने ड्रोनने काढलेला गावाचा व्हिडिओ बघून त्यांनी एकेक वस्तू केली होती. काळ्या मातीसाठी रंगवलेला भुसा, बोंडांसाठी उशीतला कापूस, कौलांसाठी पुठ्ठा. आज पहिल्यांदा सगळं एका टेबलावर, व्हिडिओ समोर धरून मांडलं गेलं. लेकीच्या सासरी ते जायचे ते एसटीने. फाट्यावर उतरायचं, पुढच्या दाराने आत शिरायचं, पाहुणचार घ्यायचा आणि परत फिरायचं. त्या घराच्या मागे काय आहे, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

नितेशने लाल साडीतली बाहुली शेताच्या बांधावर उभी केली.

"ही इथून निघते, काका. इकडं हिचं घर." त्याचं बोट बांधावरून निघालं, पायवाटेने घरापर्यंत गेलं आणि थांबलं. मध्ये रूळ आलेच नाहीत.

"रूळ चुकीच्या जागी टाकले तुमी."

जानरावांनी व्हिडिओ पुन्हा लावला. चूक नव्हती. शेत आणि घर रुळांच्या एकाच बाजूला होती.

"आयला," नितेश म्हणाला. "मंग ही पलीकडं कायले गेली?"

पलीकडे फारसं काही नव्हतं. दोन बाभळी आणि एक पत्र्याची शेड. गुरांचा गोठा समजून जानरावांनी ती घाईघाईत करून टाकली होती. आता त्यांनी मोबाइलवरचं चित्र बोटांनी मोठं केलं. शेडसमोर पिवळी पाटी दिसली, बाजूला सिमेंटचा बाक. तो गाडीचा थांबा होता. अमरावतीला जाणारी पॅसेंजर तिथे थांबत असणार.

जानराव स्टुलावर बसले. त्यांच्या घरातली लेक माहेरी कधी एकटी आली नव्हती. बाप नाहीतर भाऊ आणायला जायचा, तेव्हाच ती यायची. न आणता आलेली लेक म्हणजे भांडून आलेली, असं सगळे धरून चालायचे. दिवाळीत रागिणीने फोन केला होता, बाबा, मले घ्याले या म्हणून. पुन्हा केला होता. हातात कार्तिकातल्या जत्रेचा देखावा होता. जत्रा होऊ दे, मंग येतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला होता. ती आपण होऊन निघेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. म्हणूनच ती निघाली कुठे होती, हे वर्षभरात त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. सासरच्यांना ते ठाऊक होतं. घर सोडून गेली म्हटलं असतं तर का सोडलं, हेही सांगावं लागलं असतं.

"टेन्शन नका घेऊ, काका," नितेश म्हणाला. "घर उचलून पलीकडं ठेवू. टीवीवर कोनाले समजते?" त्याने घर उचललं. शेड काढून खाली टाकली आणि तिच्या जागी घर ठेवलं. बाहुली रुळांच्या मधोमध आणून उभी केली. "चला, गाडी सोडा."

जानराव उठले. त्यांनी घर परत शेताजवळ नेऊन ठेवलं. खाली पडलेली शेड उचलली, तिचा चेपलेला पत्रा अंगठ्याने सरळ केला आणि ती बाभळींपाशी लावली. मग त्यांनी बाहुलीचं तोंड थांब्याकडे वळवलं.

"काका, काय करून राहिले तुमी?"

"हे असंच राहू द्या, भाऊ," जानराव म्हणाले. "माही पोरगी होती. मी आन्याले गेलो नाही, म्हनून एकटीच माह्याकडं याले निघाली होती."