बारावी बैठक

"अर्थ सांगू का आता, कुंदाताई?" डॉक्टर निमकरांनी हळूच विचारलं.

यंत्राने टिपलेलं कुंदाताईंचं कालचं स्वप्न भिंतीवर धुक्यासारखं तरंगत होतं. गेल्या वर्षी तापात गेलेली त्यांची लेक रेवू पाटावर बसून हसत होती.

नऊ हजार रुग्णांवरच्या संशोधनातून एवढं पक्कं झालं होतं, की बाराव्या बैठकीत अर्थ सांगितला तर ते स्वप्न पुन्हा पडत नाही आणि माणूस बरा होतो. त्यानंतर सांगून उपयोग नसतो. आज बारावी बैठक होती.

"बरी होईन मी?"

"नक्की. झोप लागेल, घास गोड लागेल."

"आणि ही?"

"ही नाही येणार."

कुंदाताईंनी भिंतीवरच्या रेवूकडे पाहिलं. मग पदर सावरून उठल्या.

"राहू द्या, डॉक्टर. काल तिची एकच वेणी घालून झाली. दुसरी राहिलीय."