दोन चमचे

"मला नाही यायचं, तूच जा," असं फुलहेन्सिओ म्हणाला, म्हणून रोसाउरा स्वस्तातल्या बसनं एकटीच वालेन्सिया बघायला गेली.

दुपारी तिचा फोटो आला. टेबलावर पाएयाचा पसरट तवा, त्यात वाफाळता भात आणि दोन चमचे. फुलहेन्सिओ त्याच शहरात वाढलेला. तिथे हा भात दोघांपेक्षा कमी जणांसाठी कुणी करून देत नाही आणि दोघं तव्यातच आपापल्या बाजूनं खातात, हे त्याला पक्कं ठाऊक.

त्यानं लगेच फोन लावला. "समोर कोण बसलंय?"

"आधी जेवू दे रे. मग दाखवते तुला."

तासभर तो आपल्या तिथल्या देखण्या मित्रांची नावं आठवत जळत बसला. मग दुसरा फोटो आला.



अर्धा तवा चाटूनपुसून साफ. उरलेल्या अर्ध्याला चमचाही लागला नव्हता, आणि खाली लिहिलं होतं, "ही तुझी बाजू. ये म्हणत होते ना."